दोन्ही काठांचा कप्तान

मुर्ध्याच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा बावीस वर्षांची होते. ठाण्याला ट्रेनिंग झालं होतं, ही पहिलीच नेमणूक होती, आणि कागदावर नाव वाचेपर्यंत या गावाचं नाव मी ऐकलंही नव्हतं. भाईंदर स्टेशनावरून बैलगाडीनं आले. दोन्ही बाजूंना मिठागरं, आणि पाऊस तोंडावर आल्यामुळे माणसं मिठाचे ढीग गवतानं झाकत होती. लढाई संपून वर्ष होत आलं होतं.

खोली मिळाली ती गावाच्या खाडीकडच्या टोकाला, एका विधवा बाईंच्या घरात. त्यांना मी मावशी म्हणू लागले. त्यांचा एकुलता एक मुलगा दोन-तीन महिन्यांपूर्वीच नौदलातून परत आला होता. वय तिशीच्या थोडं पुढं, उंच, उन्हानं रापलेला, लग्न न केलेला. सगळं गाव त्यांना कप्तान म्हणे. ते प्रत्येकाला सांगत की मी कप्तान नव्हतो, लेफ्टनंट होतो. पण लेफ्टनंट हा शब्द कोणाच्या तोंडात बसेना, तेव्हा त्यांनी नाद सोडला. मीही त्यांना कप्तानच म्हणत आले.

ट्रंक खाली ठेवली आणि मी त्यांना विचारलं, पाणी कुठून भरायचं. ते म्हणाले, "पिण्याचं पाणी कुठून भरायचं, हे तुम्हाला हवं आहे. बरोबर?" मी हो म्हटल्यावर त्यांनी विहीर दाखवली. मग मी विचारलं, शाळा किती वाजता भरते. त्यावर पुन्हा तेच. "शाळा भरायची वेळ तुम्हाला हवी आहे. बरोबर?" तिसऱ्या वेळी मला वाटलं, एक तर हा माणूस बहिरा आहे, नाहीतर ठाण्याची बाई म्हणून माझी चेष्टा करतोय. मी तोंड फिरवून आत गेले. मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बहिरा न्हाय तो," त्या म्हणाल्या. "बोटीवरची खोड हाय. मी म्हनलं, बाला, मीठ दे. तर मना इचारतो, आये, तुझं म्हननं असं का मी तुना मीठ द्यावं? मिठाच्या गावात राहून मना मिठासाठी जबानी द्याया लागते."

त्या खोडीचं मूळ मला पुढं कळलं. जहाजावर अधिकारी सुकाणूवाल्याला हुकूम देतो, तेव्हा सुकाणूवाला तो हुकूम आधी मोठ्यानं परत म्हणतो आणि मगच चाक फिरवतो. वाऱ्यात एक शब्द चुकीचा ऐकू आला तर जहाज खडकावर जाईल, म्हणून ही रीत. कप्तानांनी दहा-बारा वर्षं हे रोज ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं, जमिनीवर वारा नसतो, पण माणसं एकमेकांचं त्याहूनही कमी ऐकतात.

त्यांच्या सगळ्याच सवयी अशा होत्या, बाहेरून पाहणाऱ्याला वेड्यासारख्या आणि आतून अगदी हिशेबी. रोज सकाळी ओसरीवर बसून ते बूट पॉलिश करत. अर्धा तास. बुटात तोंड दिसायला लागलं की ते बूट वर्तमानपत्रात गुंडाळत, काखोटीला मारत आणि स्टेशनापर्यंत चिखलातून अनवाणी चालत जात. तिथल्या नळावर पाय धुवून, पुसून, मग बूट घालत. मी एकदा म्हटलं, की चिखलातून जायचंच असेल तर पॉलिश परत आल्यावर करावं. ते म्हणाले, चिखल पायाला लागतो, बुटाला कशाला लागू द्यायचा.

दाराच्या फळीवर ते खडूनं रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत. आधी लोक हसले, कारण पाणी कधी येतं हे तिथल्या पोरांनाही ठाऊक होतं. पण कप्तान मिनिटापर्यंत लिहीत आणि ते चुकत नसे. दोन-चार महिन्यांत लोक कामावर जाता जाता आमच्या दाराकडे मान वळवून पाहू लागले. खाडीपलीकडून येणारी माझी सात मुलं ओहोटीलाच चालत येऊ शकत, म्हणून मीही त्या फळीवर पाहून त्यांचे धडे मागंपुढं करी. इन्स्पेक्टर आले तेव्हा वेळापत्रक रोज वेगळं का, हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

मावशींना मुलाच्या गोष्टी सांगायला फार आवडे. त्यातली एक त्या पुन्हा पुन्हा सांगत. कप्तान सोळाव्या वर्षी वसईच्या शाळेतल्या एका मास्तरांच्या नादानं जहाजावरच्या शिक्षणाला गेले. तो काळ मिठाच्या सत्याग्रहानंतरचा, मिठावर कर घेणारे सरकारी साहेब घरोघर झडत्या घेत. वर्षभरानं पहिल्या सुट्टीत ते पांढऱ्याशुभ्र गणवेशात, टोपी घालून गावात आले. वाटेवर पहिल्यांदा ज्या बाईनं पाहिलं तिनं ओरडून सांगितलं, मिठाचा साहेब आला. घडीभरात रस्ता ओस पडला. कोणी मीठ लपवलं, कोणी दारूचं मडकं विहिरीत सोडलं, आणि खुद्द मावशींनी स्वतःच्या पोराला पाहून मागचं दार धरलं. कप्तान ओसरीवर दोन तास एकटे बसून राहिले. मावशी म्हणत, "नंतर मडक्यावाला भांडाया आला. म्हनं, तुझ्या लेकानं नीट कपरं घातली असती तर माझं नुस्कान झालं नसतं."

मग व्यापारी जहाजांवरची नोकरी झाली, लढाई आली, आणि त्यांना लढाईपुरती नौदलात अधिकाऱ्याची सनद मिळाली. त्याबद्दल मात्र ते बोलत नसत. परत आल्यावर त्यांनी तीन ठिकाणी अर्ज केले होते आणि तिन्ही ठिकाणांहून नकार आला होता. गावात कुजबुज होती की मुंबईच्या गोदीत खलाशांनी बंड केलं तेव्हा कप्तानांचं काहीतरी झालं. काय ते कोणाला माहीत नव्हतं. कोणी म्हणे ते बंडवाल्यांत होते, कोणी म्हणे त्यांनीच बंडवाले पकडून दिले.

देश स्वतंत्र झाला, आणि आपल्या सरकारच्या परराष्ट्र खात्यात माणसं घेणार असल्याची जाहिरात कप्तानांनी वाचली. वर्तमानपत्राचा तो तुकडा त्यांनी आरशाला चिकटवला आणि दुसऱ्या दिवसापासून फ्रेंच शिकायला सुरुवात केली. शिकवायला कोण? उत्तनच्या चर्चमध्ये एक म्हातारे पाद्री होते, त्यांना पोर्तुगीज आणि फ्रेंच दोन्ही येई. कप्तान दर गुरुवारी सायकलवरून उत्तनला जाऊ लागले. परत आले की ते नवे शब्द मावशींवर आजमावत. मावशींना एकच शब्द आवडला, मेर्सी, म्हणजे आभार. उत्तनहून एक कोळीण मासळी घेऊन येई. मावशींनी बोंबील घेतले आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "मेर्सी." ती म्हणाली, "मावशे, दहा वर्सं तुझ्या दारी येते. मेर्सी माझी जाव. मी रोझी." त्यानंतर मावशींनी फ्रेंच सोडलं.

हसण्यावारी न्यावी अशीच ही गोष्ट होती. पण त्या गुरुवारच्या फेऱ्यांमुळे गावाच्या मनात बसलं, की कप्तान उत्तनवाल्यांचे झाले. आणि त्याच फाल्गुनात मुर्धा आणि उत्तन यांच्यात जुंपली.

भांडण पाण्याचं होतं. खाडीचा एक फाटा मुर्ध्याच्या रस्त्यापर्यंत आत येतो. पूर्वी उत्तनच्या लहान होड्या सुकी मासळी घेऊन त्या फाट्यातून रस्त्याला लागत. लढाईच्या काळात मिठाला मागणी वाढली, तेव्हा मुर्धेकरांनी फाट्याच्या तोंडाशी मातीचा बांध घातला आणि आत नवी मिठागरं केली. होड्यांची वाट बंद झाली. उत्तनकर चार वर्षं कुरकुरत राहिले. होळीच्या दुसऱ्या दिवशी, पुनवेच्या उधाणात, तो बांध फुटला आणि आतलं तयार मीठ वाहून गेलं. मुर्धेकर म्हणाले, उत्तनवाल्यांनी फोडला. त्यांनी उत्तनचा होडीवाला पास्कू तांडेल याच्या दोन होड्या ओढून आणल्या आणि देवळामागं अडकवून ठेवल्या. उत्तनकरांनी उलट मुर्ध्याच्या बैलगाड्या रस्त्यात अडवल्या. त्यात एका गाडीवानाचं डोकं फुटलं. दोन्हीकडे लोक काठ्या जवळ घेऊन फिरू लागले. पलीकडची माझी सात मुलं शाळेत यायची बंद झाली.

त्याच आठवड्यात दिल्लीचं पत्र आलं. कप्तानांना मुलाखतीला बोलावलं होतं. निघायला जेमतेम दहा दिवस होते. मावशींनी त्यांना हात जोडून सांगितलं, की या भांडणात पडू नको, पुस्तकं वाच, नाहीतर पोलिसांच्या कागदावर नाव लागेल आणि हीही नोकरी जाईल. कप्तानांनी आईचं सगळं म्हणणं आईला नीट परत सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर. मग ते फुटलेला बांध पाहायला निघाले. मीही गेले, कारण ओहोटीला खाडी ओलांडल्यावर माझ्या मुलांची पुढची वाट त्या बांधावरूनच होती.

दुपारची ओहोटी होती. कप्तान पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले आणि बराच वेळ त्या खिंडाराच्या कडा हातानं चाचपत राहिले. बांधात खेकड्यांची बिळं होती, मूठ जाईल एवढाली. उधाणाचं पाणी अशा बिळांतून शिरलं की बांध आपोआप खचतो. पण एका जागी मातीवर सरळ, धारदार कापल्यासारखी खूणही होती. ती मी पाहिली आणि त्यांनीही पाहिली. त्यांनी हातानं चिखल घेऊन ती लिंपून टाकली.

मी विचारलं, हे काय केलंत. ते म्हणाले, फावडं आधी की खेकडा आधी, हे ही माती सांगू शकत नाही. गाव मात्र लगेच सांगेल.

मला ते पटलं नाही. खरं काय ते लपवून केलेला समझोता कसला, असं मी म्हटलं. आजही मला ते पुरतं पटलेलं नाही. पण त्या दिवशी रागाच्या भरात मी पुढं बोलून गेले, "तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे आहात?"

ते बांधावर येऊन बसले. पायाचा चिखल गवतानं पुसला. मग त्यांनी मला गोदीतली गोष्ट सांगितली.

शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत खलाशांनी काम थांबवलं तेव्हा कप्तान मुंबईतच होते. खलाशांच्या तक्रारी त्यांना माहीत होत्या, निकृष्ट जेवणाच्या आणि त्याहून जास्त अपमानाच्या. ते एकटे त्यांच्यात गेले. एकेका मुद्द्यावर त्यांचं म्हणणं त्यांना परत सांगितलं, आणि ती पोरं बरोबर म्हणेपर्यंत तिथून हलले नाहीत. मग वरिष्ठांकडे जाऊन त्यांनी तेच शब्द, एकही न बदलता, सांगितले. वरिष्ठानं त्यांना विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात. कप्तान वरिष्ठांचं उत्तर घेऊन खलाशांकडे परत आले आणि तेही एकही शब्द न बदलता सांगितलं. तेव्हा एका खलाशानं, ज्याला त्यांनी लढाईत बुडताना पाण्यातून काढलं होतं, त्यानं तेच विचारलं. दोन महिन्यांनी कप्तानांची सनद संपली. नौदलात राहण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, तो मान्य झाला नाही.

"तिथं मी निरोप्या होतो," ते म्हणाले. "याचं त्याला सांगितलं, त्याचं याला. दोघांना एका खोलीत बसवायला हवं होतं. ते मला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी माझ्या हातात नव्हतं. इथं आहे."

त्यांना मी जे विचारलं होतं त्याची मला लाज वाटत होती.

पुढचे चार दिवस ते सायकलवरून मुर्धा ते उत्तन करत राहिले. उत्तनच्या पाद्रींनी आपल्या माणसांना समजावलं. मुर्ध्याचे पुढारी गोविंद पाटील, ते नात्यानं कप्तानांचे मामा लागत. ते सहज तयार होईनात. शेवटी मावशी स्वतः त्यांच्याकडे गेल्या. मुलाला अडवणाऱ्या त्या मावशीच भावाला काय म्हणाल्या ते मला कधी कळलं नाही. पण पाटील हो म्हणाले. रविवारी, उत्तनची प्रार्थना आटोपल्यावर, माझ्या शाळेत बैठक ठरली. सोमवारी कप्तानांना दिल्लीला निघायचं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी मला सांगितलं की कागद तुम्ही लिहायचा. मी घाबरले. वीस-पंचवीस पुरुष, त्यातले निम्मे चिडलेले, आणि मी. पण ते म्हणाले, की गावात लिहिता येणारे चौघे आहेत आणि चौघेही कोणाचे तरी आहेत. तुम्ही ठाण्याच्या.

माणसं आली. मुलांच्या तरटांवर ती गुडघे वर करून बसली. कप्तानांनी त्यांना समोरासमोर न बसवता सगळ्यांना फळ्याकडे तोंड करून बसवलं. फळ्यावर त्यांनी खाडी, फाटा आणि बांध काढला होता. माझ्यासमोर दौत आणि कागद पाहून पाटलांनी आक्षेप घेतला, की बाईमाणूस पंचायतीत कशाला.

"मामा, तुमचं म्हणणं, बाईंचं अक्षर वाईट आहे?" कप्तानांनी विचारलं.

"न्हाय. अक्षर चांगलं हाय."

"मग त्या ऐकतील एक आणि लिहितील दुसरं, असं आहे?"

पाटलांची नात माझ्या वर्गात होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "तसं मी म्हनलं न्हाय," असं ते पुटपुटले. मी लेखणी उचलली.

कप्तानांनी दोनच नियम सांगितले. पहिला, बांध कोणी फोडला हे आज कोणी विचारायचं नाही. त्यावर पाटील उठून दाराशी गेले. त्यांच्या मागं दुसरं कोणी उठलं नाही, तेव्हा ते परत येऊन बसले. दुसरा नियम असा, की कोणी आपलं म्हणणं सांगायचं नाही. मुर्ध्यानं उत्तनचं म्हणणं सांगायचं आणि उत्तननं मुर्ध्याचं. ज्याचं म्हणणं तो मान डोलावेपर्यंत.

पहिला तास वाया गेला. पाटील म्हणाले, उत्तनवाल्यांचं म्हणणं एवढंच की मुर्ध्याचं वाटोळं करायचं. पास्कू तांडेल, वयानं पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, नुसता मान हलवून नाही म्हणत राहिला. पाटलांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. पाचव्यांदा पाटील थकले. त्यांनी डोळे मिटले, आणि आवाज उतरवून म्हणाले, "त्यांच्या बायका डोकीवर पाटी घेऊन स्टेशनापावत चालतात. आमच्या दारावरनंच जातात. आधी होरी रस्त्याला लागायची, तवा त्यांना चालाया लागत नसं."

पास्कूनं मान डोलावली. त्याच्या मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

मग पास्कूची पाळी. त्याला इतका वेळ लागला नाही. तो म्हणाला, मुर्धेकरांचं वर्षभराचं मीठ एका उधाणात गेलं, आणि मीठ गेलं म्हणजे अंगणातलं धान्यच गेलं. "यांना दर्याचं पानी नको असं न्हाय," तो म्हणाला. "पायजे, पन यांच्या हातानं पायजे. उधानाला आत घ्यायचं, भरून घ्यायचं, नि मग दार लावून बसायचं."

पाटलांनी मान डोलावली.

कप्तान फळ्यापाशी उभे होते. त्यांनी पास्कूला विचारलं, की मुर्धेकर पाणी आत घेतात ते कोणत्या दिवशी. पास्कू म्हणाला, अमाशेला नि पुनवेला, मागंपुढं दोन दिवस. त्यांनी पाटलांना विचारलं, की उत्तनची होडी फाट्यातून आत येऊ शकते ती कोणत्या दिवशी. पाटील म्हणाले, अमाशेला नि पुनवेला, मागंपुढं दोन दिवस, एरवी तिथं गुडघाभर चिखलच असतो.

"बाई," कप्तान मला म्हणाले, "शेवटच्या दोन ओळी वाचून दाखवा."

मी वाचल्या. दोन्ही ओळींत शब्दही तेच होते. मला वाटलं माझंच लिहिताना चुकलं, म्हणून मी पुन्हा वाचल्या. मग मागं बसलेला तो म्हातारा हसायला लागला, आणि त्याच्या शेजारचा मुर्ध्याचा गाडीवान, डोक्याला फडकं बांधलेला, तोही हसला.

पुढचं सगळं तासाभरात झालं. बांध जिथं फुटला होता तिथंच फळ्यांची रुंद उघाडी बसवायची, म्हणजे होडी जाईल एवढं दार. उधाणाच्या दिवसांत ती उघडी राहील, पाणी आणि होड्या दोन्ही आत येतील. एरवी ती बंद. आतल्या मिठागरांचे बांध हातभर उंच करायचे, त्यासाठी उत्तननं माणसं द्यायची. मासळी खारवायला उत्तननं मीठ मुर्ध्याचंच घ्यायचं. होड्या आणि गाड्या आजच सोडायच्या. शेवटचं कलम कप्तानांनी सांगितलं, की पुढं वाद झाला तर आधी शाळेत यायचं आणि बाईंकडून हा कागद वाचून घ्यायचा. सह्या कमी, अंगठे जास्त. संध्याकाळी पास्कूच्या होड्या खाडीत उतरवताना पाटलांनी स्वतः खांदा लावला.

दुसऱ्या दिवशी कप्तान दिल्लीला गेले.

अमावस्या चार दिवसांवर होती. सुतारानं फळ्या कशाबशा बसवल्या होत्या. अमावस्येच्या सकाळी दोन्ही गावं बांधावर जमली, आणि खरं सांगायचं तर कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. भरती चढू लागली. पाटलांनी पहिली फळी उचलली. मग दुसरी अडकली. पाण्याच्या जोरानं ती निघेना. बांध थरथरला. तेवढ्यात पास्कूनं होडीतून पाण्यात उडी टाकली आणि खालून फळीला खांदा दिला. ती निघाली. पाणी मिठागराच्या साठ्यात शिरलं, आणि पाण्यामागून पास्कूची होडी. होडीत रोझी बसली होती, मांडीवर रिकामी पाटी घेऊन. माझी सात मुलं बांधावर उभी राहून ओरडत होती. दुपारी मावशींनी शाळेत येऊन मला एक पोस्टकार्ड दिलं आणि म्हणाल्या, "ल्हिव. होरी गेली म्हून ल्हिव."

कप्तानांचं पत्र त्याआधीच दिल्लीहून निघालं होतं. मीच ते मावशींना वाचून दाखवलं. मुलाखतीत त्यांना विचारलं, की जहाजं चालवणाऱ्या माणसाला करार-मदारातलं काय कळतं. त्यांनी फाट्याची गोष्ट सांगितली. मंडळी ऐकत राहिली. मग एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, की तो करार पाळला जातोय का. कप्तानांनी उत्तर दिलं, की मला माहीत नाही, पहिली कसोटी उद्या आहे, आणि ती मी तिथं नसताना होणार आहे हेच बरं. तेव्हा त्या गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं. कप्तानांनी पत्रात पुढं लिहिलं होतं, की आता बहुधा नकारच येईल, कारण त्या प्रश्नाला हो म्हणणं सोपं होतं आणि मी ते म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. वर्षभर दिल्लीत शिकून झालं, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात, आपल्या देशाच्या वकिलातीत, त्यांना दुय्यम अधिकारी म्हणून पाठवायचं ठरलं. माझी तोवर बदली झाली होती ती मी अर्ज करून रद्द करून घेतली. कारण विचारलं गेलं, तेव्हा मी लिहिलं, गावाला माझी गरज आहे. हे लिहिताना मला संकोच वाटला नाही, कारण ते खरं होतं. समझोत्याचा तो कागद मी वर्षात तीनदा वाचून दाखवला होता.

एकोणपन्नासच्या हिवाळ्यात मावशी आणि मी त्यांना निरोप द्यायला मुंबईच्या धक्क्यावर गेलो. मावशींनी मुंबईचा धक्का पहिल्यांदाच पाहिला. जहाजाकडे त्या बराच वेळ मान वर करून पाहत होत्या. गोदीतली गोष्ट कप्तानांनी एव्हाना त्यांनाही सांगितली होती. डोलकाठीवर आपला झेंडा होता. तो पाहून त्यांनी मुलाला विचारलं, "लढाईत तू होतास त्या बोटीवर कोनाचा झेंडा होता?"

"इंग्रजांचा."

"नि तिकडं गोदीत बोललास ते कोनासाठी?"

"दोघांसाठी बोललो, आये. माझं असं कोणी नव्हतं."

"मग आता तिकडं जाऊन कोनासाठी बोलनार?"

कप्तानांनी झेंड्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. त्यांचा चेहरा मी दोन वर्षं रोज पाहिला होता, पण तसा कधी पाहिला नव्हता. "तुझ्यासाठी," ते म्हणाले. "मामांसाठी. पास्कू तांडेलासाठी. बाईंसाठी. ही सगळी आता माझी बाजू."

मावशींनी थोडा विचार केला.

"मग जोरात बोल," त्या म्हणाल्या, आणि त्यांना पुढं ढकललं.